फीड कोण वाचतंय? क्लायंटनं आपलं नाव आणि आवृत्ती सांगावी का?

अर्धविराम (धागालेखक)

माझी ट्विटेक्स्टची एक फीड आहे. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: २०१६ साली आलेली ही पद्धत म्हणजे आपल्या सर्व्हरवर ठेवलेली एक साधी टेक्स्ट फाइल. एका ओळीत एक नोंद. आधी आरएफसी ३३३९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) च्या धाटणीची तारीख-वेळ, मग टॅब, मग मजकूर. खातं नाही, लॉगिन नाही. ज्याला वाचायचं असेल तो आपल्या क्लायंटमध्ये, म्हणजे फीड वाचायच्या प्रोग्राममध्ये, माझ्या फाइलची यूआरएल घालतो आणि त्याचा क्लायंट अधूनमधून ती फाइल ओढून नेतो.

यात कुणी फॉलो केलं तर मला कळवायची काही सोयच नाही. फेडिव्हर्समध्ये (मॅस्टोडॉनसारख्या, एकमेकांशी बोलणाऱ्या स्वतंत्र सर्व्हरांच्या जाळ्यात) निदान फॉलोची विनंती येऊन थडकते. इथे माझ्या हातात फक्त सर्व्हरचा ॲक्सेस लॉग. कोण येऊन गेलं ते ओळीच्या शेवटच्या रकान्यावरून, म्हणजे यूजर-एजंटवरून (क्लायंट विनंतीबरोबर स्वतःचं जे नाव सांगतो ते), ओळखायचं. माझ्या लॉगमध्ये साधारण तीन तऱ्हा दिसतात. (वाचायला सोपं जावं म्हणून इथे देवनागरीत देतोय, प्रत्यक्षात हे सगळं रोमन अक्षरांत येतं.)

ट्विटेक्स्ट/१.२.३ (+एचटीटीपीएस://अमुक/ट्विटेक्स्ट.टीएक्सटी; @टोपणनाव)

हा सभ्य पाहुणा. क्लायंट कोणता, आवृत्ती कोणती, वाचणाऱ्याची स्वतःची फीड कुठे आहे, सगळं एका ओळीत. आवडलं तर मीही त्याला उलट फॉलो करू शकतो.

गो-एचटीटीपी-क्लायंट/१.१

हा कोण ते देवाला ठाऊक. दर काही सेकंदांनी येतो, अख्खी फाइल नेतो. कळवायचं तर कुणाला?

तिसरी तऱ्हा म्हणजे नुसती आडवी रेघ. यूजर-एजंटच नाही.

आता मी स्वतःच पायथनमध्ये एक छोटा क्लायंट लिहायला घेतलाय. त्यानं दुसऱ्यांच्या सर्व्हरवर जाताना काय सांगावं? नाव तर सांगणारच. पण आवृत्ती सांगावी का, आणि सांगायची तर किती बारीक? माझी स्वतःची फीड सांगावी का? जाणकारांनी मत द्यावं.

लॉगवाली

चांगला विषय. आधी नियम काय म्हणतो ते बघू, मग भांडू.

एचटीटीपीचं सध्याचं मूळ कलम म्हणजे आरएफसी ९११०, जून २०२२. त्यात यूजर-एजंटची रचना अशी आहे: उत्पादनाचं नाव, तिरकी रेघ, आवृत्ती. अशा जोड्या एकामागोमाग एक देता येतात आणि मध्ये कंसात टिपण घालता येतं. क्रमालाही अर्थ आहे, जे जास्त महत्त्वाचं ते आधी. म्हणजे तुमचा क्लायंट आधी, त्याच्या पोटातली लायब्ररी नंतर. उलटं लिहिणारे पुष्कळ आहेत.

हे हेडर (विनंतीबरोबर जाणारी माहितीची ओळ) पाठवणं सक्तीचं नाही, पण वापरणाऱ्यानं मुद्दाम बंद केलं नसेल तर प्रत्येक विनंतीबरोबर पाठवावं अशी शिफारस आहे. त्याच कलमात हेही आहे की गरजेपेक्षा बारीक तपशील भरू नका, कारण त्यावरून माणूस ओळखता येतो. तेव्हा तुमच्या "किती बारीक" या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

अवांतर: तुमच्या लॉगमधल्या त्या गो-एचटीटीपी-क्लायंटपुढचा १.१ ही कुठल्याही सॉफ्टवेअरची आवृत्ती नाहीच. गो भाषेच्या लायब्ररीत ते नाव असंच कोरलेलं आहे. एचटीटीपी २ वरून आला तर तोच २.० म्हणून येतो. तेव्हा त्यावरून "जुना क्लायंट, नवा क्लायंट" असा काही अर्थ काढू नका.

कोराकागद

मी उलट बाजूनं बोलतो. का सांगायचं?

ब्राउझरवाल्यांनी इतकी वर्षं आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोसेसर सगळं सांगून पाहिलं आणि त्यातून माग काढण्याचा धंदा उभा राहिला. शेवटी २०२२ मध्ये क्रोमनं मुख्य आकडा सोडून आवृत्तीचे पुढचे सगळे आकडे शून्य करून टाकले. जे तिथे पुसायला लागलं ते आपण विकेंद्रित जाळ्यात पहिल्यापासून लिहायला बसायचं? एखाद्या फीडमध्ये संवेदनशील काही असेल, ती कोण वाचतं हे फीडवाल्याला आयतं कळावं असं मला तरी वाटत नाही. आयपी पत्ता जातो तेवढा पुरे.

अर्धविराम

@कोराकागद, मुद्दा मान्य. पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होताहेत. "हा अमुक क्लायंट, अमुक आवृत्ती" ही सॉफ्टवेअरची ओळख. "याला वापरणारा मी, ही माझी फीड" ही माणसाची ओळख. ट्विटेक्स्टच्या मूळ क्लायंटनं या दोन्ही वेगळ्याच ठेवल्या आहेत. त्याच्या सेटिंगमध्ये ओळख उघड करण्याचा एक स्वतंत्र पर्याय आहे आणि तो मुळात बंद असतो. बंद असताना फक्त ट्विटेक्स्ट आणि आवृत्ती जाते, चालू केला की मगच फीडची यूआरएल आणि टोपणनाव जोडलं जातं.

आणि ब्राउझरसमोर माणूस बसलेला असतो. पान उघडलं नाही तर तो कुरकुर करतो, दुसरं काहीतरी करून बघतो. फीड क्लायंट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप प्रोग्राम चालवणारी सोय) टाकलेला असतो, मालक झोपलेला. बिघडला तरी तो रात्रभर तेच करत राहतो.

सुटसुटीत

अडाणी प्रश्न. लायब्ररी आपणहून जे नाव पाठवते तेच जाऊ दिलं तर काय बिघडतं? मी पीएचपीत फाइल वाचायचं साधं फंक्शन वापरून फीड आणतो. चालतंय की.

लॉगवाली

@सुटसुटीत, पीएचपीचं ते फंक्शन सेटिंगमध्ये वेगळं काही लिहिलं नसेल तर यूजर-एजंट पाठवतच नाही. धागालेखकाच्या लॉगमधली ती आडवी रेघ तुम्ही असू शकता :)

चालतंय तोवर चालतंय. पण बऱ्याच ठिकाणी निनावी पाहुण्याला दारातूनच परत पाठवतात. विकिमीडियाचं धोरण सांगतं की क्लायंटचं नाव आणि संपर्काचा पत्ता द्या, नाहीतर विनंती अडवली जाऊ शकते. नॉर्वेच्या हवामान संस्थेचा एपीआय (प्रोग्रामनं माहिती मागायची सोय) खुला आहे, चावी लागत नाही, पण यूजर-एजंट नसेल किंवा लायब्ररीचं सरधोपट नाव असेल तर ४०३ (प्रवेश नाही) देतो. अमेरिकेच्या हवामान सेवेचंही तसंच, ओळख द्या म्हणतात. यात राग नसतो. एकाच लायब्ररीच्या नावाखाली हजारो वेगवेगळे प्रोग्राम येत असतात आणि त्यातला एक पिसाळला की सर्व्हरवाला त्या नावालाच कुलूप लावतो. वेगळं नाव असेल तर तुम्ही त्यात भरडले जात नाही.

तिसरापोर्ट

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. वरची ती अधिकच्या चिन्हाची पद्धत एकट्यादुकट्याच्या क्लायंटसाठी आहे. एकाच सर्व्हरवर पुष्कळ लोक असतील, उदाहरणार्थ यार्नचा (ट्विटेक्स्टवर उभ्या केलेल्या जाळ्याचा) पॉड, म्हणजे सर्व्हर, तर? पॉड तुमची फीड एकदाच आणतो आणि आतल्या सगळ्यांना वाढतो. मग कंसात कुणाकुणाची नावं लिहिणार? हेडर फुगत जाईल.

त्यासाठी यार्नवाल्यांनी वेगळी खूण काढली आहे. अधिकच्या जागी तरंगरेघ, म्हणजे टिल्ड, आणि तिच्यापुढे पॉडवरचा एक पत्ता. साधारण असं दिसतं:

ट्विटेक्स्ट/०.१.०@हॅश (~एचटीटीपीएस://पॉडचा-पत्ता/हू-फॉलोज?टोकन=काहीतरी; कॉन्टॅक्ट=एचटीटीपीएस://पॉडचा-पत्ता/सपोर्ट)

तो पत्ता तुम्ही उघडला की पॉड जेसनमध्ये यादी देतो: टोपणनाव आणि फीडची यूआरएल. टोकन नसेल तर कुणीही येऊन "या फीडला कोण फॉलो करतं" विचारत सुटेल. टोकन फक्त तुमच्या लॉगमध्ये पडलेलं असतं, म्हणजे लॉग वाचू शकणारा तो फीडचा मालक, असं साधं गृहीतक. मला ही रचना फार आवडते. नावं ओरडून सांगत नाही, पण मालकानं विचारलं तर सांगते. आणि संपर्काचा पत्ता शेजारीच.

आरएसएसच्या (ब्लॉग-बातम्यांच्या फीडच्या) जगात हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सुटला होता. फीडली, फीडबिन यांसारख्या सेवा यूजर-एजंटमध्येच वर्गणीदारांचा आकडा लिहितात. फक्त संख्या, नावं नाहीत. लेखकाला साधारण वाचक किती याचा अंदाज येतो. ट्विटेक्स्टमध्ये मात्र उलट फॉलो करणं हाच सगळा खेळ असल्यामुळे नुसत्या आकड्यानं भागत नाही.

कोराकागद

ते टोकन ठीक. पण लॉगमध्ये लिहिलेलं खरं कशावरून? मी उद्या कुणाच्याही फीडचा पत्ता कंसात घालून तुमच्याकडे येईन. तुम्ही म्हणाल वा, अमुक मला वाचतो!

तिसरापोर्ट

कशावरूनही नाही. यूजर-एजंट म्हणजे समोरच्यानं सांगितलेलं नाव, ओळखपत्र नव्हे. पण ट्विटेक्स्टमध्ये पडताळा करता येतो. बऱ्याच फीडच्या डोक्यावर # या चिन्हानं सुरू होणाऱ्या ओळींत माहिती असते: निक, यूआरएल आणि फॉलो. ज्याचा पत्ता आला त्याची फीड उघडा, फॉलोच्या ओळींत तुमची यूआरएल आहे का बघा. असेल तर खरं मानायला हरकत नाही. नसेल तर त्यानं यादी जाहीर केलेली नाही किंवा कुणीतरी फेकतंय.

फेडिव्हर्समध्ये खरी ओळख लागते तिथे एचटीटीपी सिग्नेचर वापरतात. मॅस्टोडॉनमध्ये ऑथराइज्ड फेच चालू केलं की नुसतं वाचायला येणाऱ्या सर्व्हरलाही सही करावी लागते आणि ती सही कुणाच्या चावीची ते तपासलं जातं. तिथे यूजर-एजंटवर कुणी विसंबत नाही, ते बिघाड शोधण्यापुरतं.

पडद्यामागे

आणि जाता जाता सुरक्षेचं. लॉगमधून येणारी ती यूआरएल आपोआप उघडणारी स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनो, जरा दमानं. कुणी त्या जागी तुमच्याच सर्व्हरच्या आतल्या नेटवर्कचा पत्ता घातला तर तुमची स्क्रिप्ट बाहेरच्याच्या सांगण्यावरून आत खणायला लागेल. १२७ नं सुरू होणारे, खासगी पट्ट्यातले आणि १६९.२५४ चे पत्ते आधीच गाळा. रीडायरेक्ट झाल्यावर परत गाळा, पहिला पत्ता चांगला आणि दुसरा वाईट हा जुना डाव आहे.

तसंच "माझे वाचक" असं पान बनवून त्यावर यूजर-एजंट जसाच्या तसा छापू नका. त्यात स्क्रिप्टचा टॅग लिहिलेला आला की तुमच्या पानावर तो चालेल.

सुटसुटीत

बाप रे. मी फक्त फीड आणत होतो.

लॉगवाली

आवृत्तीच्या बाजूनं एक उदाहरण देते, कारण "आवृत्ती कशाला" हा प्रश्न हवेत राहिलाय.

माझ्या फीडला एक छोटा क्लायंट नियमित येतो. त्याचं नाव मी इथे देत नाही, बिचाऱ्याची उगाच बदनामी नको. ईटॅग कसा चालतो ते आधी सांगते. पहिल्यांदा फाइल देताना सर्व्हर तिच्याबरोबर एक खूण देतो, तोच ईटॅग. क्लायंट ती जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी इफ-नन-मॅच या हेडरमध्ये परत दाखवतो. फाइल बदललेली नसेल तर सर्व्हर ३०४ म्हणतो आणि मजकूर पाठवतच नाही. दोघांचाही खर्च वाचतो.

तर हा क्लायंट नेहमी ३०४ घेऊन जायचा. एक दिवस बघते तर त्याच्या नावासमोर सगळीकडे २००, दर खेपेला पूर्ण फाइल. माझी फाइल बरीच मोठी आहे, जुन्या नोंदी मी काढत नाही. लॉग आवृत्तीनुसार वेगळा केला तर चित्र स्वच्छ दिसलं: ०.४ वाले अजूनही ३०४ घेत होते, ०.५ वाले सगळे २००. आयपी वेगवेगळे, आवृत्ती एक. म्हणजे कुणा एकाच्या सेटिंगचा घोळ नाही, नव्या आवृत्तीतच ईटॅग साठवायचा राहतोय. कंसात प्रकल्पाचं पान दिलेलं होतंच. तिथे कळवलं, हे दोन आकडे दाखवले. नव्या आवृत्तीत कॅश लिहिण्याआधीच प्रोग्राम बंद होत होता, तेवढंच. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झालं आणि लोक अद्ययावत होत गेले तसे २०० कमी होत गेले, तेही लॉगमध्येच दिसलं.

नुसतं नाव असतं आणि आवृत्ती नसती तर मी "तुमचा क्लायंट कधीकधी ईटॅग पाठवत नाही" एवढंच कळवू शकले असते, आणि "माझ्याकडे तर पाठवतो" असं उत्तर आलं असतं.

कोराकागद

हे पटलं. आवृत्तीला माझा विरोध मागे. माणसाच्या ओळखीला कायम.

उलटाकॉलम

वाचनखूण साठवली आहे. आवृत्तीबद्दल एक भीती मात्र सांगतो. आवृत्ती सांगितली की कुणीतरी ती वाचून त्यावर निर्णय घ्यायला लागतो. ब्राउझरच्या इतिहासात हेच झालं. नेटस्केपनं स्वतःला मोझिला म्हटलं, काही साइट्स फक्त मोझिलालाच फ्रेम्स असलेली पानं द्यायला लागल्या, मग इंटरनेट एक्सप्लोररही "मोझिला, कंसात कम्पॅटिबल" म्हणून यायला लागला. आज झाडून सगळे ब्राउझर मोझिला/५.० म्हणूनच येतात.

फेडिव्हर्समध्ये त्याचं धाकटं भावंड आहे. मॅस्टोडॉनसाठी लिहिलेली ॲप्स सर्व्हरची आवृत्ती बघून कोणत्या सोयी दाखवायच्या ते ठरवायला लागली. मग प्लेरोमा या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर त्या एपीआयमध्ये आवृत्ती सांगतो ती अशी: २.७.२ (कम्पॅटिबल; प्लेरोमा २ पॉइंट काहीतरी). आधी मॅस्टोडॉनचा आकडा, खरं नाव कंसात. इतिहास शब्दशः तोच. तेव्हा आवृत्ती माणसानं वाचायला आहे, प्रोग्रामनं फांद्या फोडायला नाही. सोय आहे का ते विचारायचं तर सरळ सोयीबद्दल विचारा.

तिसरापोर्ट

+१. सर्व्हरचं सॉफ्टवेअर कोणतं ते विचारायचं असेल तर त्यासाठी नोडइन्फो आहे. वेल-नोनच्या फोल्डरमध्ये एक छोटा जेसन, त्यात खऱ्या दस्तऐवजाचा दुवा, आणि त्यात सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, कोणते प्रोटोकॉल बोलतं ते. म्हणजे सर्व्हर स्वतःबद्दल विचारल्यावर सांगतो, आणि दुसऱ्याकडे जाताना यूजर-एजंटमध्ये सांगतो. दोन्हीकडे आवृत्ती वेगळी दिसली तर समजा अर्धवट अपग्रेड झालंय, मागची रांग चालवणारी प्रक्रिया रीस्टार्ट करायची राहिली. असं प्रत्यक्षात होतं.

मॅस्टोडॉनच्या ४.२ मध्ये यूजर-एजंटमध्ये आधी एचटीटीपी.आरबी या लायब्ररीचं नाव यायचं आणि मॅस्टोडॉन कंसात, त्याच्यापुढे अधिकचं चिन्ह लावून सर्व्हरचा पत्ता. वर लॉगवाली म्हणाल्या तो उलटा क्रम तो हाच. तरी पत्ता असतो हे फार कामाचं. एखादी लिंक कुणी टाकली की ती पोस्ट जिथे जिथे पोचते त्या प्रत्येक सर्व्हरकडून लिंकच्या पानाची झलक आणायला वेगळी विनंती येते. लहान साइटचा श्वास कोंडतो. मॅस्टोडॉन त्या विनंत्या मिनिटभरात इकडेतिकडे पसरवतो, तरी गर्दी ती गर्दीच. यूजर-एजंट नसता तर तो हल्लाच वाटला असता. असल्यामुळे निदान कळतं की हल्ला नाही, आपली लिंक गाजतेय.

शेवटचीओळ

धागालेखक पायथनमध्ये लिहिताहेत म्हणून एक खड्डा आधीच दाखवतो. टोपणनाव देवनागरीत असेल तर यूजर-एजंटमध्ये घालताच प्रोग्राम पडेल. पायथनची एचटीटीपी लायब्ररी हेडरची किंमत लॅटिन-१ मध्ये बदलायला बघते, "म" त्यात बसत नाही, आणि युनिकोड-एन्कोड-एरर येतो. विनंती सर्व्हरपर्यंत जातच नाही. वापरणाऱ्याला दिसतं काय, तर "एकही फीड येत नाही". ज्यानं क्लायंट लिहिला त्याचं टोपणनाव साध्या रोमनमध्ये, त्यामुळे त्याच्याकडे कधी दिसतच नाही.

काही जण मग यूटीएफ-८ चे बाइट्स तसेच घुसडतात. जातात, पण पलीकडे इंजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये "म" च्या जागी बॅकस्लॅश एक्स ई०, बॅकस्लॅश एक्स ए४, बॅकस्लॅश एक्स एई असं उमटतं. चार अक्षरी नाव वाचायचं तर कागद-पेन घ्या. आरएफसीसुद्धा नव्या हेडरना ॲस्कीतच (साधी रोमन अक्षरं, आकडे, चिन्हं) राहायला सांगतो.

माझा सल्ला: टोपणनाव हेडरमध्ये घालूच नका. यूआरएल पर्सेंट-एन्कोड करून घाला, ती ॲस्कीच होते. नाव तुमच्या फीडमध्ये निकच्या ओळीत देवनागरीत झोकात लिहा, फाइल यूटीएफ-८ आहे, तिथे काही अडत नाही. ज्याला हवं तो तिथून घेईल.

अर्धविराम

@शेवटचीओळ, हे लाखमोलाचं. माझं टोपणनाव देवनागरीतच आहे, म्हणजे पहिल्याच फेरीत गचकलं असतं. पण मूळ पद्धतीत अर्धविरामानंतर @टोपणनाव अपेक्षित आहे ना? ते नसेल तर लॉग वाचणाऱ्या स्क्रिप्ट गडबडणार नाहीत?

शेवटचीओळ

काही गडबडतील, कारण त्या रेग्युलर एक्स्प्रेशननं दोन्ही तुकडे मागतात. मग नावाचं रोमन रूप सेटिंगमध्ये वेगळं घ्या, फक्त हेडरसाठी. रिकामं असेल तर डोमेनचा पहिला तुकडा वापरा. आणि काहीही घ्या, त्यातले नव्या ओळीचे बाइट्स, कंस आणि अर्धविराम काढून टाका. नव्या ओळीचा बाइट सुटला तर वापरणारा स्वतःचं भलतंच हेडर घुसवू शकतो. बऱ्याच लायब्ररी आता ते अडवतात, पण त्यांच्या भरवशावर बसू नका.

(अर्धविराम काढून टाका असं अर्धविराम यांनाच सांगावं लागतंय, माफी असावी.)

अर्धविराम

😄 काढला.

आता आवृत्ती नेमकी कुठून घ्यायची? कोडमध्ये हातानं लिहिलेला आकडा मी नक्की विसरणार.

उलटाकॉलम

हातानं लिहूच नका. पायथनमध्ये पॅकेज बसवलेलं असेल तर इम्पोर्टलिबच्या मेटाडेटा मॉड्यूलला विचारा, तो बसवलेली आवृत्ती सांगतो. गोमध्ये १.१८ पासून बिल्ड करतानाच कमिटचा (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे त्याची खूण, आणि कोड बदललेला होता का हे प्रोग्रामच्या आत नोंदलं जातं, ते वाचता येतं.

प्रश्न येतो तो रिलीज न झालेल्या कोडचा. मी तरी आवृत्तीपुढे हॅशचे पहिले सात-आठ अक्षर-आकडे लावतो. यार्नवाले @ लावून तेच करतात.

कोराकागद

थांबा. हॅश म्हणजे फारच बारीक. छोट्या प्रकल्पात एका कमिटवर एकच माणूस असतो. म्हणजे माणसाची ओळख बंद ठेवली तरी हॅशवरून तो एकटा ओळखू येणार, आयपी बदलला तरी. आरएफसीतलं "गरजेपेक्षा बारीक" म्हणतात ते हेच.

उलटाकॉलम

हो, पण जो रिलीज न झालेला कोड चालवतो तो बहुतेक त्या प्रकल्पावर काम करणाराच असतो. त्याला लपायचं नसतं.

कोराकागद

बहुतेक. सगळे नाहीत. पॅकेज करणारे लोक गिटमधूनच बिल्ड करतात, वापरणाऱ्याला पत्ताही नसतो.

लॉगवाली

मधला मार्ग: रिलीजला नुसता आकडा. रिलीज नसेल तर आकड्यापुढे "डेव्ह" (डेव्हलपमेंटमधलं) एवढंच. हॅश फक्त ओळख उघड करण्याचा पर्याय चालू असेल तेव्हा. सर्व्हरवाली म्हणून मला "०.५ आणि त्यापुढचं काहीतरी अर्धकच्चं" इतकं कळलं तरी पुरतं. नेमका कमिट ज्याच्या प्रकल्पात तक्रार जाते तो विचारून घेईल.

पडद्यामागे

जेमिनी आणि गोफरवरून (वेबपेक्षा साधे, वेगळे प्रोटोकॉल) ट्विटेक्स्ट देणाऱ्यांचं काय? जेमिनीच्या विनंतीत यूआरएल आणि ओळ संपल्याची खूण, एवढंच जातं. हेडर हा प्रकारच नाही. तिथे कोणता क्लायंट आला ते कळणं शक्यच नाही, आणि तिथल्या लोकांना तेच हवं आहे. कोराकागद, तुमच्यासाठी बरं गाव आहे.

नॉस्टर या दुसऱ्या विकेंद्रित जाळ्यात उलटं. तिथे वाचताना नाही, लिहिताना क्लायंट आपलं नाव पोस्टलाच टॅग म्हणून चिकटवू शकतो. म्हणजे ते लॉगमध्ये राहत नाही, पोस्टबरोबर जगभर फिरतं. मला ते अजिबात रुचत नाही.

कोराकागद

जेमिनीवर फीड आहेच माझी. तिथूनच वाचतो तुम्हा सगळ्यांना. :)

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. आत्ता जे केलंय ते सांगतो. मूळ सेटिंगमध्ये: क्लायंटचं नाव, तिरकी रेघ, आवृत्ती, कंसात अधिकच्या चिन्हानंतर प्रकल्पाचं पान. माणसाबद्दल काही नाही. ओळखीचा पर्याय चालू केला तर प्रकल्पाच्या पानाच्या जागी स्वतःच्या फीडची यूआरएल पर्सेंट-एन्कोड करून, आणि रोमन टोपणनाव. पर्याय पहिल्यांदा चालू करताना नेमकी कोणती ओळ जाणार ती स्क्रीनवर दाखवतो आणि मगच हो-नाही विचारतो.

एक शंका. रोबोंनी फ्रॉम नावाच्या हेडरमध्ये चालवणाऱ्याचा ईमेल द्यावा असंही आरएफसीत वाचलं. तेही घालू का?

लॉगवाली

शिफारस आहे खरी, पण माझ्या लॉगमध्ये तो रकानाच नाही, आणि बहुतेकांच्या नसेल. अपाचे आणि इंजिनएक्सच्या नेहमीच्या लॉगमध्ये रेफरर आणि यूजर-एजंट हे दोनच हेडर येतात. जे कुणी वाचणार नाही त्यासाठी ईमेल वाटत फिरू नका.

४२९ (फार विनंत्या करताय) आला तर रिट्राय-आफ्टरमध्ये दिलेला वेळ थांबता का? आणि सगळ्या फीड एकाच ठोक्याला आणू नका, थोडा आगापिछा ठेवा. नाव सांगून त्रास दिला तर नाव लक्षात राहतं, एवढंच.

अर्धविराम

थांबतो. आगापिछाही घातला, दर फेरीला यादृच्छिक. तुमच्या फीडवर एक फेरी सोडू का? काय दिसतं ते सांगाल?

लॉगवाली

सोडा.

लॉगवाली

आली. पहिली २००, दुसरी ३०४. ओळ व्यवस्थित आहे, आवृत्तीपुढे डेव्ह दिसतंय. पण त्या दोघींच्या मधोमध, त्याच आयपीवरून, माझं अवतारचित्र न्यायला एक विनंती आली ती "पायथन-युआरएललिब" म्हणून. चित्रं आणणारा कोड वेगळा आहे का?

अर्धविराम

हो, चित्रांचं मॉड्यूल वेगळं आहे, तिथे स्टँडर्ड लायब्ररी थेट वापरली आहे. दोन्हीकडून एकच सेशन फिरवतो, म्हणजे हेडर एकाच जागी राहील. चित्रांना ईटॅगही लागेल ना?

लॉगवाली

लागेल. चित्र फीडपेक्षा मोठं असतं बहुतेक वेळा.